जानकीबाईंचं रजिस्टर

प्रिय रेवा आणि निशांत,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, तो जुना कॉम्प्युटर अजून का ठेवलायस? बाबा म्हणतात भंगारात दे." मी "बघू" म्हणाले आणि तुमच्या परीक्षेचा विषय काढला. खरं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. दिवाळीत तुमचे बाबा एकटेच येणार आहेत आणि घरातल्या नको असलेल्या वस्तूंची यादी त्यांनी आत्तापासूनच मागितली आहे. तो कॉम्प्युटर त्या यादीत घालण्याआधी जानकीबाई वरठा कोण होत्या हे तुम्हांला कळायला हवं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत. पण त्यांच्या शेवटच्या अडीच-तीन वर्षांत जे घडलं त्याची सुरुवात, रेवा, तुझ्यापासून झाली. तुला ते आठवतही नसेल.

जानकीबाईंना मी प्रथम पाहिलं ते २०१५ साली, स्टेशनजवळच्या एका खाजगी लॅबमध्ये. मला तीन दिवस हुडहुडी भरून ताप येत होता आणि डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. पांढऱ्या कोटातली एक काळीसावळी, बुटकी बाई माझ्या आधीच्या गुजराती गृहस्थांच्या बोटाला सुई टोचत होती. ते हात मागे घेत होते. "हलशो नहीं काका, हमणां थई जशे," असं म्हणेपर्यंत त्यांचं काम झालंसुद्धा. माझ्याशी मराठी, झाडूवालीशी वारली, काकांशी गुजराती, आणि तिन्ही भाषांत सूर तोच, जरा दटावल्यासारखा.

माझं रक्त काचेवर घेऊन त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करताहेत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी शिक्षिका, मला वाट पाहण्याची सवय नाही, वाट पाहायला लावण्याची आहे. मी म्हटलं, "अहो, दिसत नसेल तर नाही म्हणून सांगा ना." त्यांनी डोळा न हलवता डावा हात वर केला आणि म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी."

मग कळलं. मायक्रोस्कोपमधून एका वेळी जेवढा गोल दिसतो त्याला त्या लोकांच्या भाषेत फील्ड म्हणतात. काच थोडी सरकवली की पुढचं फील्ड. त्यांचा नियम असा, की शंभर फील्ड पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. माझ्या रक्तातला मलेरिया त्यांना एक्क्याण्णवाव्या फील्डला सापडला. "बघा बाई," त्या म्हणाल्या, "नव्वदला उठली असती तर तुम्ही औषधाशिवाय घरी गेल्या असत्या."

सरकारी नोकरीत त्यांनी तीस-बत्तीस वर्षं हेच केलं होतं. आधी आतल्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात, मग तलासरीच्या बाजूला. त्यांच्या पाड्यातली नोकरीला लागलेली ती पहिली मुलगी. निवृत्त झाल्यावर या खाजगी लॅबने बोलावलं म्हणून त्या डहाणूला आल्या आणि राहायला खोली शोधत होत्या. आपल्या घरामागची खोली तुमचे आजोबा गेल्यापासून रिकामीच होती. तापातून उठल्यावर मीच त्यांना राहायला या म्हटलं. सोमवार ते शनिवार त्या इथे, शनिवारी दुपारच्या एसटीने तलासरी, पुढे मिळेल त्या जीपने पाड्यावर. येताना ताडगोळे आणायच्या, पानात बांधून. सोलायच्या मात्र स्वतःच. "तुम्ही सोलाल तर अर्धं पाणी साडीवर जाईल," म्हणायच्या.

माझा स्वभाव तुम्हांला माहीत आहे. माझ्या डब्यांवर लेबलं असतात, किल्ल्यांना नंबर असतात आणि घराबाहेर पडताना मी गॅस आणि मेन स्विच बंद करते. शेजारी जायचं असलं तरी. जानकीबाई चार दिवस हे बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवत होत्या का जेलर होत्या?"

आता रेवा, तुझं काम. २०१६ च्या उन्हाळ्यात तू फोनवर सांगितलंस की तुमच्या शाळेत एक प्रकल्प चालू आहे. लोकांच्या घरातले कॉम्प्युटर बराच वेळ नुसते पडून असतात. शास्त्रज्ञांची मोठी गणितं लहान लहान तुकडे करून अशा हजारो कॉम्प्युटरना वाटून देतात. प्रत्येकाने आपला तुकडा सोडवून इंटरनेटवरून परत पाठवायचा. कुणाला पैसे मिळत नाहीत, हौसेचं काम. तुम्ही मुलांनी मलेरियाच्या औषधांचा शोध घेणारं काम निवडलं होतंत. "आजी, तुझा कॉम्प्युटर चालेल का बघ ना," तू म्हणालीस. मी हो म्हटलं आणि विसरून गेले.

संध्याकाळी अंगणात चहा घेताना मी हे जानकीबाईंना सहज सांगितलं. त्या कोरा चहा घ्यायच्या, गवती चहाची पात घालून. त्यांनी कप खाली ठेवला.

"मलेरियाचं?"

"हो."

"आणि रिकामा असला तरी चालतो?"

"रिकामाच हवा असतो."

"मग तुमचा तो झाकून ठेवलाय, तो काय करतो?"

तुमचे बाबा २०१४ मध्ये तुम्हांला घेऊन तिकडे राहायला गेले तेव्हा तो कॉम्प्युटर मागे ठेवून गेले होते. मी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं होतं आणि महिन्यातून एकदा धूळ झटकत होते. जानकीबाई आत आल्या, कव्हराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ह्याला स्वेटर कशाला? आमच्या पाड्यात माणसांना नाय."

"जरा जपून हं," मी म्हटलं, "ही वस्तू नाजूक असते."

"मायक्रोस्कोप काय पाटा-वरवंटा असतो?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमधून एक कोरं रजिस्टर आणलं. पहिल्या पानावर पट्टीने रेघ मारून दोन रकाने केले. एकावर लिहिलं 'पाहिजे', दुसऱ्यावर 'हाय'. काम देणाऱ्यांच्या वेबसाइटवर कॉम्प्युटर कसा असावा ते इंग्रजीत दिलं होतं. मी एकेक ओळ वाचून मराठीत सांगायची, त्या 'पाहिजे'मध्ये लिहायच्या. मग आपल्या कॉम्प्युटरमध्ये ते शोधून मी सांगायची, त्या 'हाय'मध्ये लिहायच्या. प्रोसेसर कोणता, मेमरी किती, डिस्कवर जागा किती. मी इंग्रजी शिकवून आयुष्य काढलं, पण त्या ओळी वाचताना मला घाम फुटला. प्रोसेसर पास झाला. जागा पास झाली. मेमरी मात्र जेवढी पाहिजे होती तिच्या निम्मीच आमच्याकडे दिसत होती.

"विकत घेतला तेव्हा किती होती?" जानकीबाईंनी विचारलं.

तुमच्या बाबांनी पावती फाइलला लावून ठेवली होती. तो गुण माझा. पावतीवर दुप्पट होती.

"मग गेली कुठे? उघडा त्याला."

आम्ही दोघींनी तो उघडला. आत मुंग्यांनी घर केलं होतं आणि समुद्राच्या हवेने पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. त्यांनी लेन्स पुसायचा मऊ कागद आणि ब्रश आणला. मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या, त्यांतली एक काळवंडलेली. तिची पितळी दातरी त्यांनी माझ्या कंपासपेटीतल्या खोडरबराने हळूहळू घासली. पंधरा मिनिटं एकच पट्टी. ओठ हलत होते, म्हणजे मोजत होत्या. परत बसवून सुरू केलं तर दोन्ही पट्ट्या दिसल्या. 'हाय' रकान्यात त्यांनी आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

पण वेबसाइट काम देईना. सुरक्षेचं काहीतरी कारण दाखवत होती. दोन दिवस आम्ही चाचपडत होतो. मग जानकीबाईंचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे तारीख होती १ जानेवारी आणि साल चौदा वर्षांपूर्वीचं. कॉम्प्युटरच्या आत घड्याळासाठी एक बटणाएवढा सेल असतो, तो मेला होता; आणि मी रोज मेन बंद करत असल्यामुळे तो बिचारा दर वेळी त्याच १ जानेवारीला जागा होत होता.

"ह्याला आज कुठली तारीख तेच ठाऊक नाय," त्या म्हणाल्या, "हा काय वेळेवर देणार?" स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून त्यांनी सेल आणला, आणि काम मिळालं.

पहिला तुकडा आला तेव्हा त्या पडद्यासमोर स्टूल टाकून बसल्या. तिथे फक्त टक्के दिसत होते. शून्य पूर्णांक काहीतरी. मी म्हटलं, "अहो, याला दिवस लागतील." त्या म्हणाल्या, "लागू दे. मला सवय हाय." परतीची मुदत दहा दिवसांची होती. नवीन कॉम्प्युटर जे काही तासांत करतात ते आमच्या म्हाताऱ्याला सलग पाच दिवस लागत होतं. तो तापायचा, म्हणून त्याच्यावर टेबलफॅन सोडला होता. एक गोष्ट त्यांना फार आवडली. तोच तुकडा आणखी एका कुणाच्या कॉम्प्युटरलाही देतात, आणि दोघांचं उत्तर जुळलं तरच खरं मानतात. "आमचंच हाय हे," त्या म्हणाल्या. "आमच्या निगेटिव्ह काचा वरच्या लॅबला परत बघायला जायच्या. दोघांचं सारखं आलं की सही."

पण पहिला तुकडा बाराव्या दिवशी गेला. कारण मी. बाजार, बँक, देऊळ. बाहेर पडताना हात आपोआप मेनकडे जायचा. उत्तर पाठवल्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या आणि मी त्या वाचून दाखवल्या: मुदत संपल्यावर मिळाले, हे काम दुसऱ्याकडून पूर्ण करून घेतले आहे.

"म्हणजे चुकीचं आलं?"

"नाही, बरोबरच असेल. फक्त उशिरा. पण काही बिघडलं नाही हो, जानकीबाई, दुसऱ्याने केलंच ना."

त्या मागे गेल्या, चूल पेटवली, परत आल्या, आणि दारातच उभ्या राहून त्यांनी मला सोनीची गोष्ट सांगितली. एका दमात, रिपोर्ट सांगावा तशी.

त्या तेव्हा आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. नवरा उंबरगावला कारखान्यात. चार वर्षांची मुलगी, सोनी, पाड्यावर आजीपाशी. आरोग्य सेवक पंधरा दिवसांनी पाडे फिरायचा, ताप आलेल्यांचं रक्त काचेवर घ्यायचा, तापाच्या गोळ्या द्यायचा आणि काचांचा गठ्ठा आणून लॅबमध्ये ठेवायचा. काचेवर फक्त नंबर. नाव असायचं बरोबरच्या फॉर्मवर. पद्धत अशी की काचा आल्या त्या क्रमाने बघायच्या, प्रत्येकीची शंभर फील्ड, आणि सापडला तरच फॉर्म उघडून नाव लिहायचं. त्या दिवशी एका काचेत त्यांना मेंदूत जाणारा मलेरिया भरपूर दिसला. त्यांनी लाल शाईने पॉझिटिव्ह लिहिलं. मग फॉर्म उघडला. सोनी लक्ष्मण वरठा, वय चार, मुलगी.

"पळत गेली. एसटी, मग चालत. पोचली तेव्हा तिला आदल्या दिवशीच पुरली होती. निरोप घेऊन माणूस निघाला होता, आम्ही वाटेत चुकलो." त्यांनी पदराने हात पुसले. "काच माझ्याच टेबलावर होती बाई. चार दिवस. लाइनीत. मधली काढून बघायची पद्धत नव्हती ना. माझा रिपोर्ट बरोबर होता. नुसता उशिरा होता."



त्यानंतर, त्यांनी सांगितलं, गठ्ठा आला की त्या आधी सगळे फॉर्म उघडायच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या काचा काढून पहिल्यांदा बघायच्या. नियम मोडला म्हणून वरिष्ठांनी मेमो दिला. त्यांनी तो घडी घालून पेटीत ठेवला आणि काचा तशाच काढत राहिल्या. दुसरा मेमो आला. तोही ठेवला. पुढे ते साहेब बदलून गेले. त्या पेटीतले दोन्ही कागद मी पाहिले आहेत. दुसऱ्यांनी प्रशस्तिपत्रकं ठेवावीत तसे प्लॅस्टिकमध्ये ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेन स्विचवर एक कागद चिकटवलेला होता, लॅबच्या चिकटपट्टीने. 'बंद करू नये. काम चालू आहे.' मी तो वाचला आणि पिशवी घेऊन बाजारात गेले. मेन चालू ठेवून. तुमच्या आजोबांना हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

पहिल्या ओळीत जानकीबाईंनी 'उशिरा' लिहिलं आणि तिथून पुढे रजिस्टर भरत गेलं. क्रमांक, आला कधी, गेला कधी, आणि शेवटच्या रकान्यात 'वेळेवर'. दर वेळी तोच शब्द, तेच गोल अक्षर. शनिवारी निघताना त्या मला बजावून जायच्या, "उद्या जाईल तो. बघा." आणि सोमवारी आल्या की चप्पल काढण्याआधी विचारायच्या, "गेला?" मी म्हणायची, "गेला हो बाई, बसा आधी." एकदा ट्रान्सफॉर्मर जळून सहा दिवस वीज नव्हती, तेव्हा एक तुकडा उशिरा गेला. त्यांनी त्याही ओळीत स्वच्छ 'उशिरा' लिहिलं. मी म्हटलं, "यात तुमचा काय दोष? 'वीज नव्हती' असं लिहा." त्या म्हणाल्या, "कारण लिहायला रकाना नाय."

आपण काय शोधतो आहोत, औषध सापडलं का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. एकदा मीच विचारलं, "जानकीबाई, याचा खरंच उपयोग होत असेल का हो?" त्या म्हणाल्या, "मी बघितलेल्या काचांतली दहातली नऊ निगेटिव्ह असायची. म्हणून काय ती बघायची नाय? नाय म्हणायला पण कुणीतरी शंभर फील्ड बघायलाच लागतात."

२०१८ च्या दिवाळीनंतर आपल्याकडे जमीन हलायला लागली. तुम्हांला फोनवर मी फार काही सांगितलं नव्हतं. डहाणूला भांडी वाजायची, तलासरीच्या बाजूला भिंतींना तडे जायचे. पाड्यांतले लोक थंडीत बाहेर प्लॅस्टिकखाली राहायला लागले. धक्का बसला की गॅस बंद करा, मेन बंद करा, मोकळ्यावर या, असं सगळीकडे सांगितलं जात होतं. जानकीबाईंची एक म्हातारी नणंद पाड्यावर होती, अंथरुणाला खिळलेली. जानेवारीतल्या एका शनिवारी त्या निघाल्या त्या सोमवारी न परतण्याच्या बेतानेच. दोन गोधड्या आणि औषधं घेतली. "तिला उचलून भायेर ठेवायला कुणी पाहिजे," म्हणाल्या. दोन दिवसांपूर्वीच नवा तुकडा आला होता. रजिस्टरमध्ये त्यांनी एक्केचाळीस क्रमांक घालून आल्याची तारीख लिहिली होती. दारातून वळून म्हणाल्या, "हा तेवढा तुमच्यावर हाय. मी नसली तरी वेळेवर जाऊ द्या."

दुपारी त्यांचा फोन यायचा. पाड्याबाहेरच्या चढावर गेल्याशिवाय रेंज मिळायची नाही. "किती?" "साठ." "थंडी खूप हाय इकडे." दुसऱ्या दिवशी, "किती?" "बहात्तर. तुम्ही खोकताय." "धूर हाय शेकोटीचा." मंगळवारी सकाळी पडद्यावर अठ्ठ्याऐंशी टक्के होते.

त्या दुपारी मी भाजी निवडत होते आणि आपलं घर हललं. कपाटाची दारं उघडली, देवघरातली घंटी आपोआप वाजली. मी उठले, गॅस बंद केला, मेन खाली ओढला आणि अंगणात आले. तो कागद माझ्या हाताखाली होता. मला तो दिसला नाही. नरपडहून माझी मावसबहीण मुलाची गाडी घेऊन आली आणि म्हणाली, एकटी राहू नकोस, चल. मी कुलूप लावलं आणि गेले. सहा दिवस राहिले. त्या सहा दिवसांत जानकीबाईंचा फोन आला नाही आणि मलाही करायचं सुचलं नाही. कॉम्प्युटरची तर आठवणही झाली नाही. हे मी तुम्हांला आहे तसं सांगते आहे.

परत येऊन मेन वर केला तेव्हा तो कागद वाचला. पडद्यावर अठ्ठ्याऐंशीच टक्के होते आणि मुदत संपून एक दिवस झाला होता. त्याच संध्याकाळी पाड्यावरून निरोप आला, की जानकीबाईंना न्यूमोनिया झाला आहे आणि तलासरीच्या दवाखान्यात ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेले. चारोटीपासून तलासरीपर्यंत हायवेवर मी एकच विचार करत होते. 'गेला, वेळेवर' असं म्हणणं किती सोपं आहे. त्या कधी पडताळून पाहणार होत्या? मी मनात ते वाक्य घोकलंसुद्धा.

त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, निम्म्या झालेल्या. धाप लागत होती. मला बघून म्हणाल्या, "गेला?"

आणि मला खोटं बोलवेना. ज्या बाईने शंभरातलं एक फील्ड कधी गाळलं नाही तिला मी काय सांगणार?

"नाही जानकीबाई. उशीर झाला. धक्का बसला तेव्हा मी मेन बंद केला आणि नरपडला गेले. विसरले."

"किती झाला होता?"

"अठ्ठ्याऐंशी."

"बारा राहिले." त्या उशीवरून जरा पुढे झाल्या. "लिहिलंत?"

"नाही अजून."

"लिहा. उशिरा लिहा. कोरं ठेवायचं नाय."

"माझी चूक झाली हो."

"चूक कसली?" त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो तापलेला होता. "जमीन हलायला लागली तर माणूस आधी भायेर पडणार का मशीन बघणार? तो उशीर वेगळा."

मी धीर करून म्हटलं, "मग तुमचाही तेव्हाचा उशीर वेगळाच होता. तुम्ही नेमाने तुमचं काम करत होतात."

त्यांनी मान हलवली. "नाय बाई. माझी जमीन नव्हती हलत. मी खुर्चीवर बसली होती."

तेवढ्यात तिथली लॅबची मुलगी ट्रे घेऊन रक्त घ्यायला आली. चोवीस-पंचवीसची, केसांत अबोली माळलेली. जानकीबाईंनी बोट पुढे केलं आणि तिला विचारलं, "किती फील्ड बघते ग?"

"शंभर, मावशी."

"खोटं. साठाला उठत असशील."

मुलगी हसली. "तुम्हीच शिकवलंय ना मावशी. साठाला उठले तर तुम्ही स्वप्नात येऊन मारणार."

"येणारच. आणि लहान पोरांच्या काचा आधी काढ. साहेब मेमो देईल. घे तो."

मी निघाले तेव्हा त्यांना झोप लागली होती. ओठ हलत होते. मी पुष्कळ वेळ उभी राहून बघितलं, पण कितीपर्यंत आल्या होत्या ते मला कळलं नाही. चौथ्या दिवशी त्या गेल्या. नणंद मागे राहिली. पाड्यावर त्यांना सोनीच्या शेजारी जागा दिली, असं त्यांच्या भाचीने सांगितलं. मला निरोप उशिरा पोचला.

मी रजिस्टर काढून एक्केचाळीसाव्या ओळीत तुकडा गेल्याची तारीख घातली आणि शेवटचा रकाना भरला. मग काही आठवडे गेले आणि मला वाटलं, आपण एकटीने काम चालू ठेवावं. नवा तुकडा मागितला तर उत्तर आलं की या कॉम्प्युटरला आता काम देता येणार नाही. मी जानकीबाईंसारखे दोन रकाने आखले, 'पाहिजे' आणि 'हाय', आणि एकेक ओळ पुन्हा तपासली. दोनदा तपासली. काम देणाऱ्यांच्या नव्या प्रोग्रॅमला जे पाहिजे ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये नाही, आणि या वेळी खोडरबराने घासून येण्यासारखंही नाही.

तेव्हा तुमच्या बाबांना सांगा, कॉम्प्युटर यादीत घातला तरी चालेल. त्याने त्याचं काम केलं आहे. क्रोशाचं कव्हर मी धुऊन पाड्यावर पाठवलं. जानकीबाईंच्या भाचीचं बाळ त्यावर निजतं.

मेन स्विचवरचा कागद अजून तिथेच आहे. रजिस्टर माझ्या कपाटात, वरच्या खणात, डाव्या बाजूला आहे. त्यात एक्केचाळीस ओळी आहेत. अडतीस वेळेवर, तीन उशिरा. चाळीस ओळी जानकीबाईंच्या अक्षरात पूर्ण आहेत. एक्केचाळीसाव्या ओळीतला शेवटचा शब्द माझ्या अक्षरात आहे.